सव्वीस पुनरावृत्त्या

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. पहाटे धुकं, केळीच्या पानांवर दव, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा उत्तरेचा. बस्त्याव तुस्कानोनं एकतीस वर्षांपूर्वी पियानोवर वाजवायच्या गाळलेल्या सव्वीस पुनरावृत्त्या सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्याच्या घरी आल्या आणि ओटीवर बसल्या.

बस्त्याव तेव्हा डायरीत कालच्या दिवसाचं हवामान लिहीत होता. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली होती. आता वय अठ्ठावन्न. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं, वाडीतल्या केळींवर नजर ठेवणं आणि डायरी, एवढंच काम उरलं होतं. चपलांचा आवाज झाला म्हणून त्यानं मान वर केली. बाया होत्या, सगळ्या मध्यम वयाच्या, नीटनेटक्या. काही बाकावर बसल्या, उरलेल्यांनी पायऱ्या धरल्या. कोणाची तक्रार नव्हती. फार दिवस वाट पाहिलेल्या माणसांना बसायला कुठंही चालतं.

सर्वांत पुढच्या बाईच्या उजव्या हाताची चार बोटं काळीनिळी होती. त्या बोटांवरून बस्त्यावनं तिला ओळखलं.

"नवव्याची पहिली," ती म्हणाली.

"हो," बस्त्याव म्हणाला. "बसा."

"बसलोच आहोत."

इथं मागची हकिकत सांगितली पाहिजे. तीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसानं एक संथ चाल रचली आणि तिच्यावर वीस व्हेरिएशन्स लिहिली. म्हणजे मूळ घर तेच, फक्त दर वेळी दारं-खिडक्या वेगळ्या. आधी चाल, मग वीस व्हेरिएशन्स, शेवटी पुन्हा तीच चाल. यातल्या प्रत्येक तुकड्याचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. भागाच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि दोन टिंबं असतात, त्यांचा अर्थ एवढाच की परत फिरा. नवव्याची पहिली म्हणजे नवव्या व्हेरिएशनच्या पहिल्या भागाची पुनरावृत्ती.

हे पुस्तक बस्त्यावला एकविसाव्या वर्षी चर्चच्या कपाटात मिळालं. शिकवणारं कोणी नव्हतं, घरी पियानो नव्हता. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की या वाद्याला पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, एक खाली, एक वर. तेव्हाच्या वाद्यांना तशा असत. बस्त्यावची मोठी बहीण आग्नेसबाय हिनं ते वाचून घेतलं आणि जुन्या दाराच्या दोन फळ्या काढल्या. घासून, चुना लावून, काळ्या पट्ट्यांना बुटाचं पॉलिश फासून तिनं त्या एकीच्या वर एक अशा बसवून दिल्या. बस्त्याव सहा वर्षं त्या फळ्यांवर वाजवायला शिकला. फळ्यांतून सूर येत नाही. आग्नेसबाय पानवेली बांधायची, फुलं खुडायची, विहिरीचा पंप लावायची आणि आतून तिला टकटक ऐकू यायची.

गावात खरा पियानो एकच, चर्चच्या हॉलमधला. तो हल्लीच्या पद्धतीचा, म्हणजे त्याला पट्ट्यांची एकच ओळ. जिथं दोन्ही हात एकाच जागी येतात, तिथं एकानं वरून जायचं आणि दुसऱ्यानं खालून. बस्त्यावला तो शनिवारी एक तास मिळे. पुस्तकात त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या: 'उजवा वरून', 'डावा खालून'.

२१ नोव्हेंबर १९९३ रोजी, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता त्यानं ते सगळं हॉलमध्ये वाजवलं. छप्पन्न माणसं आली होती. पूर्ण वाजवायला ऐंशी मिनिटं लागतात, असं पत्रिकेवर छापलं होतं. आग्नेसबायला दुसऱ्या दिवशीची फुलं बांधून मगच निघता येणार होतं. तिनं आकडेमोड केली: सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलं तरी शेवटची पंधरा मिनिटं मिळतात, आणि शेवटी पुन्हा पहिलीच चाल असते, म्हणजे सुरुवातही मिळाल्यासारखीच. ती ठरल्या वेळी पोचली. माणसं सरबत पीत होती. दोघं जण खुर्च्या उचलत होते.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," बस्त्याव म्हणाला. "रिपीट्स गाळावे लागले. सात वाजता फिलोमिनाचा साखरपुडा आहे ना. तिच्या घरच्यांना हॉल लवकर हवा होता."

फिलोमिना डाबरे ही आग्नेसबायची बालवर्गापासूनची मैत्रीण. चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न जमलं होतं. आग्नेसबायनं पिशवीतून आणलेला अबोलीचा गजरा तिथंच बाकावर ठेवला आणि ती घरी गेली. साखरपुड्याला थांबली नाही, लग्नाला गेली नाही, आणि चार वर्षांपूर्वी फिलोमिना वारली तेव्हा मयतीलाही गेली नाही.

त्या रात्रीच्या डायरीत बस्त्यावनं लिहिलं आहे: 'आकाश निरभ्र. हॉल डाबऱ्यांना हवा असल्याने नवव्यापासून रिपीट गाळले.' यातलं हवामान खरं आहे.

तर त्या सव्वीस जणी आता ओटीवर होत्या. आग्नेसबाय वाडीतून आली, हात पदराला पुसले आणि दारातच थांबली.

"बस्त्याव, ही मंडळी कोण?"

"रिपीट्स. तेव्हाचे."

"गाळले होतेस ते?"

"हो."

आग्नेसबायनं सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. "मग चहाचं विचारलंस का? की तेही गाळलंस?"

चहाचा प्रश्न जरा अवघड निघाला. पुनरावृत्त्या पहिला कप घेत नाहीत. त्यांना फक्त दुसरा चालतो.

"आणि पहिला कोणी प्यायचा?" आग्नेसबायनं विचारलं.

"ज्यांनी गाळलं त्यांनी," नवव्याची पहिली म्हणाली.

बस्त्याव दोन कप प्याला. चोवीस केळीच्या बुंध्यात ओतले. मग दुसरा चहा झाला, तो सगळ्यांनी घेतला.

"तुम्ही काही वाईट नाही हो," आग्नेसबाय पाहुण्यांना म्हणाली. "तुमचा काय दोष? त्या डाबऱ्यांना घाई झाली होती. एवढ्या चोवीस मिनिटांत काय साखरपुडा पळून जाणार होता?"

नवव्याच्या पहिलीनं काळीनिळी बोटं पदराखाली घेतली.

काम साधं होतं. २ डिसेंबरला जुना हॉल पाडायचा होता, नवीन बांधायचा होता. पियानो वाळवीनं खाल्लेला, हलवण्यासारखा राहिला नव्हता. पुनरावृत्ती जिथं गाळली असेल तिथंच वाजवता येते. म्हणून २४ तारखेच्या रविवारी त्या वाजवून घ्याव्यात, अशी विनंती होती. त्या जोवर राहिल्या आहेत, तोवर तीच रचना नव्यानं पहिल्यापासून वाजवता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. बस्त्यावला ते माहीत होतं. एकतीस वर्षांत आग्नेसबायनं दोनदा म्हटलं होतं, "मला एकदा वाजवून दाखव ना." दोन्ही वेळा तो हॉलमध्ये गेला होता, पियानोचं झाकण उघडलं होतं आणि पहिली पट्टी दाबली गेली नव्हती. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

"आग्नेसबायला बसता येईल ना?" बस्त्यावनं विचारलं. ती तेव्हा कप विसळायला आत गेली होती.

नवव्याच्या पहिलीनं यादी काढली. "पहिल्या वेळी हजर होत्या?"

"सहा वाजून पाच मिनिटांनी आली."

"संपलं किती वाजता?"

"पाच छप्पन्न."

"मग नाहीत. ज्यांनी पहिली वेळ ऐकली, त्यांनाच दुसरी ऐकता येते. त्यांना बाहेर पायरीवर बसता येईल. दार लावून घ्यावं लागेल."

"तिला आतापर्यंत नुसती टकटक माहीत आहे," बस्त्याव म्हणाला. "फळ्यांची."

"ते आम्हाला ठाऊक आहे. आमची तयारीही त्याच फळ्यांवर झाली." तिनं एक छापील कागद पुढं केला. "हा भरून ठेवा. गाळण्याचं कारण. कारण बाहेरचं असेल तर यादी आहे तशीच राहते. वाजवणाऱ्याचं स्वतःचं असेल तर त्यामुळे ज्यांचं ऐकायचं राहिलं, त्यांचं नाव घालता येतं. कारण सुरुवातीला सर्वांसमोर वाचायचं."

"मी कारण तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेच लिहायचं असेल तर लिहा. आम्ही हरकत घेत नाही. तो आमचा अधिकार नाही."

"तुम्हाला खरं माहीत आहे."

"मी पुढचीच होते, तुस्कानो. रांगेत."

त्या बारा दिवस ओटीवरच राहिल्या. त्रास काही नव्हता. आग्नेसबाय त्यांना वाडी दाखवायची, पानवेल कशी बांधायची ते सांगायची. एखादी गोष्ट तिनं दुसऱ्यांदा सांगितली की त्या मन लावून ऐकत. बस्त्याव कागद घेऊन टेबलाशी बसे. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं: 'सभागृह साखरपुड्यासाठी आवश्यक असल्यामुळे.' अक्षर सुरेख होतं. नकाशाखालच्या टिपा लिहिणाऱ्याचं अक्षर. चार दिवस कागद तसाच राहिला. पाचव्या दिवशी त्यानं तो फाडून दुसरा मागून घेतला. पुनरावृत्त्यांकडे दुसरा कागद असतोच.

शुक्रवारी तो वाडीत गेला. आग्नेसबाय पानवेल केळीच्या वाळक्या सोपटानं बांधत होती.

"रविवारी तू आत बसशील," तो म्हणाला.

"नाव घातलं त्यांनी? परवा तर ती पुढारीण नाही म्हणत होती."

"घातलं. कारण बदललं."

"कसलं कारण?"

"रविवारी वाचायचंय."

"आत्ता सांग की. मी काय परकी आहे?"

बस्त्याव उभा राहिला. वेलीच्या पानावर एक मुंगळा चढत होता, तो टोकापर्यंत जाऊन परतला.

"रविवारी वाचतो," तो म्हणाला.

"बरं बाबा. एकतीस वर्षं थांबले, दोन दिवसांनी काय होतंय." तिनं गाठ मारली आणि दातानं सोपट तोडलं. "निळी साडी नेसू का? तेव्हा निळीच नेसले होते."

२४ नोव्हेंबर, रविवार. ऊन मऊ, वारा पडलेला. दुपारी चार वाजता हॉलमध्ये छप्पन्न खुर्च्या तेव्हासारख्याच मांडल्या होत्या. यादीतली एकतीस माणसं हयात होती, त्यांतली बावीस आली. विसाव्याच्या दुसरीनं हजेरी घेतली. मेलेल्यांची नावंही घेतली, थोडा वेळ थांबली आणि पुढं गेली.

"फादर जॉकिम लोपीस."

"आहे," फादर म्हणाले. तेव्हा ते गावात नव्यानं आलेले तरुण फादर होते, आता काठी घेऊन आले होते. "पण खरं सांगतो, त्या दिवशी मी चौथ्यापासून झोपलो होतो. चालेल का?"

"हजर होतात ना?"

"घोरण्यापुरता."

"चालेल."

बायका हसल्या. बस्त्यावही थोडा हसला असता, पण पुढचं नाव कोणाचं ते त्याला माहीत होतं.

"फिलोमिना डाबरे."

कोणी 'आहे' म्हटलं नाही. विसाव्याची दुसरी थांबली, आणि पुढं गेली.

आग्नेसबाय दाराशी उभी होती. कारण वाचून होईपर्यंत तिला आत घेता येत नव्हतं. बस्त्याव पियानोजवळ उभा राहिला आणि त्यानं कागद वाचला.

"नवव्या व्हेरिएशनमध्ये, पहिल्या भागात, माझा उजवा हात सवयीनं वरच्या फळीकडे गेला. पियानोला वरची ओळ नाही. बोटं लाकडावर आपटली. चार वेळा टक् असा आवाज झाला. तो कोणी ऐकला की नाही, मला माहीत नाही. पुन्हा तसंच होईल या भीतीनं मी तिथून पुढचे सगळे रिपीट गाळले. हॉल कोणीही लवकर मागितला नव्हता. डाबरे कुटुंबानं घाई केली नव्हती. फिलोमिना डाबरे शेवटच्या ओळीत बसली होती. संपल्यावर तिनं मला विचारलं होतं, 'थांबलास का रे? आग्नेस यायची आहे ना अजून?'"

त्यानं कागदाची घडी घातली.

आग्नेसबाय उंबऱ्यावर उभीच होती. मग नवव्याच्या पहिलीनं कामाच्या आवाजात विचारलं, "नाव?"

"आग्नेस तुस्कानो."

"या. खुर्ची घ्या."

"फिलोची कुठली?"

शेवटच्या ओळीत, खिडकीपासून दुसरी. ती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मयताच्या खुर्चीवर फक्त नातेवाइकांना बसता येतं," विसाव्याची दुसरी म्हणाली. "आपण नातेवाईक का?"

"नाही."

"मग कोण?"

आग्नेसबायनं थोडा विचार केला. "मैत्रीण," ती म्हणाली. "होते."

दोघी पुनरावृत्त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "मैत्रीण, असं लिहा," नवव्याची पहिली म्हणाली. "'होते' लिहायला रकाना नाही."

बस्त्याव पियानोवर बसला. चार वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. एकेक पुनरावृत्ती उठून पियानोपाशी यायची, आपला भाग होईपर्यंत उभी राहायची आणि बाजूच्या दारानं निघून जायची. पहिली आली ती नवव्याची पहिली. जिथं हात एकमेकांवरून जातात तिथं बस्त्यावचा उजवा हात आजही वर उचलला गेला. लाकडापासून बोटभर अंतरावर तो थांबला, परत खाली आला, डाव्याच्या वरून निघाला आणि पट्टी सापडली. भाग संपला. त्या बाईनं आपली बोटं उजेडात धरून पाहिली, मान हलवली आणि ती गेली.

नुसतीच दुसरी वेळ वाजत असल्यामुळे ते ऐकायला जरा वेगळं होतं. पलीकडच्या खोलीत कोणी प्रश्न विचारावेत आणि आपल्याला फक्त उत्तरं ऐकू यावीत, तसं. पण बावीसच्या बावीस माणसांनी एकतीस वर्षांपूर्वी प्रश्न ऐकले होते, त्यामुळे त्यांची अडचण झाली नाही. फादर जॉकिम जागे होते. बस्त्यावनं एकदाच मागं पाहिलं, सतराव्याच्या आधी पान उलटताना. आग्नेसबाय हात मांडीवर ठेवून बसली होती. तिची बोटं साडीवर हलत होती, टकटकीच्या चालीवर, आणि ती कुठंही चुकत नव्हती.

शेवटच्या चालीचा पहिला भाग झाला. एकच पुनरावृत्ती उरली, शेवटच्या चालीची दुसरी. सगळ्यांत संथ. पिकलेल्या केसांची बाई होती. बारा दिवसांत ती कोणाशी बोलली नव्हती. ती उठून पियानोपाशी आली.

"बस्त्याव," आग्नेसबाय मागून म्हणाली. "थांब."

बस्त्यावनं हात मांडीवर घेतले.

ती पुढं आली. पियानोच्या कडेला, जिथं कधी काळी चार बोटं आपटली होती, तिथं तिनं हात ठेवला.

"एवढं सगळं होतं होय त्या टकटकीत," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, असेल काहीतरी."

आग्नेसबाय त्या पिकलेल्या केसांच्या बाईकडे वळली. "आता तुम्ही एकट्याच राहिलात?"

"एकटीच."

"तुमचं वाजलं की?"

"की झालं. मग यांना कधीही पहिल्यापासून वाजवता येईल. हॉल आठवडाभर उभा आहे. तुम्हाला सुरुवात ऐकता येईल."

"आणि नाही वाजलं तर?"

"मी राहीन. सुरुवात होणार नाही."

"हॉल पाडल्यावर कुठं राहाल?"

"ज्यांच्यासाठी मला ठेवलं असेल, त्यांच्यापाशी."

आग्नेसबायनं मान डोलावली. बस्त्यावकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"फिलोनं पहिलं ऐकलं होतं," ती म्हणाली. "दुसरं तिचं आहे. ते तू वाजवू नकोस."

"आग्नेसबाय, सुरुवात मग कधीच..."

"कळलं मला. ऐकू येतं अजून."

"मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

तिनं पदर सावरला आणि त्या बाईला म्हणाली, "चला. कबरस्तान मागच्या बाजूला आहे. मला तिची कबर ठाऊक नाही, शोधावी लागेल."

फादर जॉकिम काठी टेकत उठले. "फणसाखाली, तिसरी," ते म्हणाले. "चल, दाखवतो."

तिघं मागच्या दारानं गेली. उरलेली माणसं थोडा वेळ बसून राहिली, मग त्यांनी आपापल्या खुर्च्या भिंतीला लावल्या. बस्त्यावनं पुस्तक मिटलं.

पियानोचं झाकण चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी बंद झालं. वाजवलेल्या पुनरावृत्त्या पंचवीस. राहिलेली एक. २ डिसेंबरला हॉल पाडला.